कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन की गिंबल? हँडहेल्ड शूटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात कॅमेरा धरून व्हिडिओ करणाऱ्यांचे हे नेहमीचे प्रश्न. गिंबल म्हणजे मोटरच्या जोरावर अख्खा कॅमेरा सरळ धरून ठेवणारं हातातलं यंत्र, आणि आयबिस म्हणजे कॅमेऱ्यातला सेन्सर (चित्र टिपणारा सपाट तुकडा) हलवून थरथर कमी करणारी सोय. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींसाठी जरा खोलात शिरावं लागतं. रोख मुख्यतः मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. फोन आणि अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचं पुढे येईलच.

आधी थोडक्यात सांगा, आयबिसवाला कॅमेरा घेऊ की गिंबल?

शूट करताना तुमचे पाय काय करत असतात ते बघा. एका जागी उभं राहून मुलाखत, तपशिलाचे शॉट, लांबच्या लेन्सवर चेहरे, हळूच डावीकडून उजवीकडे सरकणं असलं काम असेल तर चांगलं आयबिस पुरेसं आहे. कोणाच्या तरी मागेपुढे चालत, जिने चढत-उतरत, वळसा घालत शूट करायचं असेल तर गिंबल हवा. मधल्या कामांना, म्हणजे दोन-चार पावलं पुढे, एखादा पुश-इन (समोरच्याकडे हळूच सरकत जाणं), आयबिस आणि सावध पाय यांच्यावर निभावतं. बहुतेकांचं काम पहिल्या आणि मधल्या गटातलं असतं. तरीही गिंबल आधी घेतला जातो आणि मग तो बॅगेतच राहतो.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन म्हणजे नेमकं काय?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

ओआयएस लेन्समध्ये असतं. लेन्समधला काचेचा एक गट थरथरीच्या उलट दिशेने सरकतो. कॅननची १९९५ची ७५-३०० एमएम ही एसएलआरसाठीची असली पहिली बदलती लेन्स.

आयबिसमध्ये सेन्सरच सरकतो. चुंबक आणि कॉइल यांच्या जोरावर तो जवळजवळ तरंगत असतो आणि जायरो (कॅमेरा किती वळला ते मोजणारा बारीक भाग) सांगेल तसा हलतो. कोनिका मिनोल्टाने हे २००३मध्ये डिमाज ए१मध्ये आणलं. ऑलिंपसच्या ओएम-डी ई-एम५ने २०१२मध्ये ते पाच अ‍ॅक्सिसवर, म्हणजे पाच प्रकारच्या हालचालींवर, नेलं आणि सोनीच्या ए७ मार्क २ने २०१४मध्ये पाच अ‍ॅक्सिस फुल फ्रेममध्ये (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरमध्ये) आणले.

तिसरं इलेक्ट्रॉनिक. यात काहीच हलत नाही. फ्रेमच्या कडा राखून ठेवायच्या आणि प्रत्येक फ्रेम आतल्या आत सरकवून, वळवून शेजारच्या फ्रेमशी जुळवायची. अ‍ॅक्टिव्ह, डायनॅमिक, एन्हान्स्ड अशा नावांनी मेन्यूत जे दिसतं ते बहुधा आयबिस आणि हे इलेक्ट्रॉनिक, दोन्ही मिळून.

आयबिसला पाच अ‍ॅक्सिस, गिंबलला तीनच. मग आयबिस जास्त चांगलं ना?

आकड्यांवर जाऊ नका. गिंबलचे तीन म्हणजे पॅन (डावी-उजवीकडे वळणं), टिल्ट (वर-खाली झुकणं), रोल (बाजूला कलणं). तिन्ही फिरण्याचे, आणि प्रत्येकाला भरपूर मोकळी जागा. आयबिसमध्ये हेच तीन असतात, शिवाय डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकण्याचे दोन. पण सेन्सरला हलायला जागा किती? काही मिलिमीटर.

हिशोब करून बघा. कॅमेरा एका अंशाने तिरका झाला तर २४ एमएमवर (हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंथ; तो लहान तितकी लेन्स वाइड, मोठा तितकी लांबची) सेन्सरवरचं चित्र ०.४२ मिलिमीटर सरकतं. २०० एमएमवर तेच सुमारे साडेतीन मिलिमीटर, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेमचा जवळपास दहावा हिस्सा. एक अंश म्हणजे काहीच नाही, साधं पाऊल टाकताना कॅमेरा त्याहून जास्त डुलतो. गिंबलला एक अंश काय नि वीस अंश काय, तो अख्खा कॅमेराच फिरवून सरळ करतो. लांबच्या लेन्समध्ये ओआयएस असणं का महत्त्वाचं, तेही इथे कळतं. तिथे एकट्या सेन्सरचा पल्ला तोकडा पडतो आणि लेन्समधल्या काचेची मदत लागते. दोघांनी मिळून काम करायची सोय आता बऱ्याच कंपन्या देतात.

सरकण्याचे ते दोन अ‍ॅक्सिस प्रामुख्याने अगदी जवळून, मॅक्रो शूट करताना उपयोगी पडतात. चार पावलं दूरच्या माणसाला शूट करताना त्यांचा फरक नजरेत भरत नाही.

बॉक्सवर ‘८ स्टॉप’ लिहिलंय. व्हिडिओत त्याचा अर्थ काय?

जवळजवळ काहीच नाही. ते फोटोचं माप आहे. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. जिथे १/२५० सेकंद शटर लागलं असतं तिथे ८ स्टॉप म्हणजे साधारण एक सेकंदापर्यंत हातात धरून फोटो निघू शकतो, असा दावा. मोजणी कॅमेरा उद्योगाच्या सिपा या संघटनेच्या पद्धतीने होते, ठरावीक लेन्स लावून आणि ठरावीक थरथरीवर. चालताना बसणारा धक्का त्यात धरलेला नाही. म्हणून ५ स्टॉपचा कॅमेरा व्हिडिओत ८ स्टॉपवाल्यापेक्षा छान दिसू शकतो.

वाइड लेन्सवर चालताना फ्रेमचे कोपरे लडबडतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही, ही भूमिती आहे.

कॅमेरा थोडा वळला की चित्राचा मधला भाग आणि कडा सारख्या अंतराने सरकत नाहीत. ५० एमएमवर कड मध्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त सरकते, ते चालून जातं. १६ एमएमवर मात्र डावी-उजवी कड मध्याच्या जवळजवळ सव्वादोन पट सरकते. सेन्सर हा एक सपाट तुकडा, तो सगळा मिळून एकाच अंतराने हलणार. त्याने मधला भाग जागेवर ठेवला की कडांची दुरुस्ती अपुरी राहते. मध्यभागी उभा माणूस स्थिर आणि त्याच्या मागचे खांब, दारांच्या चौकटी प्रत्येक पावलाला ताणल्या-आखडल्यासारख्या. त्यात सेन्सर एकेक ओळ करून वाचला जात असेल तर रोलिंग शटरची, म्हणजे वरची आणि खालची ओळ वेगळ्या क्षणी टिपल्याने चित्र वाकण्याची, भर पडते.

गिंबलवर हे होत नाही, कारण तिथे कॅमेरा वळूच दिला जात नाही. दुरुस्त करायला मुळात काही उरत नाही.

गिंबल नसेल तर २० एमएमच्या खाली जाताना चालणं टाळा, किंवा २४-२८ एमएमवर या. मागे सरळ उभ्या रेषा कमी असलेली जागा निवडली तरी बराच फरक पडतो. झाडाझुडपांसमोर हा दोष लपतो, कपाटांच्या रांगेसमोर उघडा पडतो. काही नवे कॅमेरे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कडा वेगळ्या सावरतात. मेन्यूत तशी सोय असेल तर जरूर वापरून बघा.

आयबिस चालू ठेवून पॅन केलं की चित्र आधी चिकटतं, मग झटक्याने सुटतं. असं का?

हात थरथरला की तुम्ही मुद्दाम वळवला, हे कॅमेऱ्याला अंदाजानेच ठरवावं लागतं. पॅन अगदी हळू सुरू केलं तर त्याला ती थरथर वाटते. सेन्सर उलट दिशेने सरकत राहतो, चित्र जागच्या जागी. मग सेन्सरचा पल्ला संपतो आणि चित्र एकदम निसटतं. पॅन थांबवल्यावर सेन्सर मध्यावर परत येतो, तेव्हा शेवटी चित्र किंचित घसरतं. एडिटिंगला बसल्यावर ही घसरण फार छळते, कारण कट नेमका तिथेच हवा असतो.

पॅन ठाम सुरू करा आणि एका वेगाने न्या. शेवटी दोन सेकंद थांबून मगच रेकॉर्डिंग बंद करा, म्हणजे घसरणीनंतरची स्थिर फ्रेम हाताशी राहील. पॅनासॉनिक आणि फुजिफिल्मच्या काही कॅमेऱ्यांत बूस्ट मोड असतो. तो स्थिर फ्रेमसाठी आहे, हातातला कॅमेरा ट्रायपॉडवर असल्यासारखा धरून ठेवतो. तो चालू ठेवून पॅन करू नका, वरचं सगळं दुप्पट होईल.

अ‍ॅक्टिव्ह मोड लावला की क्रॉप होतं. एवढी किंमत मोजण्यासारखी आहे का?

दिवसा असेल तर हो. सोनीच्या ए७एस मार्क ३मध्ये हा क्रॉप १.१ पट आहे, म्हणजे २४ एमएम साधारण २६ होतं. एवढं कोणालाही परवडेल. काही कॅमेऱ्यांत मात्र बरंच जास्त कापलं जातं. हात लांब करून स्वतःलाच शूट करताना मग नुसता चेहरा उरतो, अशा वेळी आणखी वाइड लेन्स लागते.

रात्री गोष्ट वेगळी. समजा शटर १/५० आहे आणि तुम्ही चालताय. पाऊल जमिनीवर पडल्याच्या क्षणी कॅमेरा हिसकतो आणि तो हिसका त्या फ्रेममध्येच ब्लर होऊन बसतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन ती फ्रेम उचलून बरोबर जागेवर ठेवतं, पण आतला ब्लर काही पुसता येत नाही. फुटेजमध्ये मग रस्ता, दिवे, माणसं सगळं जागेवर, आणि प्रत्येक पावलाला चित्र क्षणभर मऊ होऊन परत धारदार. डोळे मिचकावल्यासारखं. शटर १/१०० ते १/२०० केलं की हे कमी होतं, पण तेवढा उजेड रात्री आणायचा कुठून? आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवा आणि नॉइज (चित्रातले दाणे) सोसा, नाहीतर गिंबल काढा. रात्रीचं चालतं शूटिंग हे गिंबल घ्यायचं सर्वांत भक्कम कारण आहे, असं माझं मत.

गिंबल घेतला, तरी चालताना चित्र वर-खाली होतं. पैसे वाया गेले का?

वाया नाही गेले, अपेक्षा चुकली. गिंबल फिरणं थांबवतो, उचलणं-बसणं नाही. प्रत्येक पावलाला तुमचं धड थोडं वर-खाली होतं आणि त्याच्याबरोबर गिंबलही. मोटर कॅमेरा सरळ ठेवेल, उंची नाही सांभाळणार. गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात बनवलेल्या स्टेडिकॅममध्ये यासाठी अंगात घालायच्या जाकिटासारख्या वेस्टला स्प्रिंगचा हात जोडलेला असतो. आजच्या गिंबलसाठीही तसे स्प्रिंगवाले हात मिळतात, पण ते अवजड असतात.

बाकी काम गुडघ्यांचं. गुडघे किंचित वाकवा आणि टाच आधी टेकवून पाऊल पुढे लोळवत न्या. कोपरं अंगाला चिकटवू नका, खांदे सैल ठेवा. काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालताना शरीर आपोआप जसं चालतं, तसंच हे.

समोर जवळची वस्तू असेल तर वर-खाली होणं जास्त दिसतं, कारण जवळचं जास्त हलतं आणि दूरचं कमी. मोकळ्या जागेत तोच शॉट तरंगल्यासारखा वाटतो.

गिंबलवर शॉटमध्ये बारीक कंप दिसतो. काय करू?

दहापैकी नऊ वेळा बॅलन्स नीट नसतो. मोटरमध्ये ताकद आहे म्हणून ती चुकीच्या बॅलन्सवरही कॅमेरा धरून ठेवते, पण सतत ढकलत राहते. मग कंप येतो, मोटर तापते, बॅटरी लवकर संपते.

गिंबल बंद ठेवूनच बॅलन्स करा. आधी कॅमेरा शूटिंगला जसा असणार तसा तयार करा: बॅटरी, कार्ड, फिल्टर, माइक लावलेले, लेन्सची टोपी काढलेली. टोपीच्या वजनानेही फरक पडतो. मग टिल्टचं लॉक सोडा आणि कॅमेरा पुढे-मागे सरकवून तो आडवा, समोर बघत राहतो का ते बघा. पुढे झुकला तर प्लेट मागे घ्या. नंतर लेन्स आभाळाकडे करा. ती तशीच राहायला हवी. मागे किंवा पुढे पडत असेल तर उंचीचा स्क्रू जुळवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि कंपाचं मूळ बरेचदा इथेच असतं. मग रोल, डावी-उजवीकडे. शेवटी पॅन: हँडल थोडं तिरकं धरा, हात आपोआप फिरायला लागला तर अजून सरकवायचंय. सगळं जमलं की कॅमेरा जिथे सोडाल तिथे राहतो. मगच गिंबल चालू करून ऑटो-ट्यून (मोटरची ताकद आपोआप जुळवणं) द्या.

तरीही कंप उरला तर केबल तपासा. माइकची किंवा एचडीएमआयची ताठ केबल मोटरला ओढत असते. तिला सैल वळसा द्या, नाहीतर मऊ केबल घ्या. आणि झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल तर ज्या झूमवर शूट करणार त्यावरच बॅलन्स करा.

किती वजनाचा गिंबल घ्यावा?

कॅमेरा, सर्वांत जड लेन्स आणि वर जे काही लागणार ते सगळं तोला, आणि क्षमता त्याहून चांगली जास्त असू द्या. डीजेआय या कंपनीचं उदाहरण घ्यायचं तर आरएस ३ मिनी २ किलो, आरएस ३ तीन किलो आणि आरएस ३ प्रो साडेचार किलो पेलतो. पण गिंबलचं स्वतःचं वजन विसरू नका. सगळं मिळून अडीच-तीन किलो हात पुढे करून धरायचं, तेही बराच वेळ. लहान लेन्स लावून लहान गिंबल घेणारा संध्याकाळपर्यंत शूट करत असतो, मोठा घेणारा दुपारी बसलेला दिसतो.

गिंबलवर कॅमेऱ्याचं आयबिस चालू ठेवायचं का?

सरसकट नियम नाही. ३५ एमएम किंवा त्याहून लांब लेन्सवर आयबिस चालू राहिलं तर मोटरला न पकडता येणारी बारीक थरथर ते टिपतं, फायदाच होतो. वाइडवर बंद ठेवा, कारण गिंबलने मुद्दाम केलेल्या वळणाला आयबिस विरोध करतं आणि कोपरे पुन्हा लडबडतात. इलेक्ट्रॉनिक मोड मात्र गिंबलवर बंदच. दोघं एकमेकांच्या कामात पाय घालतात.

आणि ट्रायपॉडवर?

बंद करा. काही कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात, पण लांब शॉटमध्ये फ्रेम हळूच वाहत जायचा धोका कशाला घ्यायचा?

शूटनंतर एडिटिंगमध्ये स्थिर करता येत नाही का?

येतं, आणि आता पूर्वीपेक्षा खूप चांगलं येतं. साधी सॉफ्टवेअर चित्रातले ठिपके पकडून हालचाल ओळखतात, त्यामुळे समोरून माणूस किंवा गाडी गेली की फसतात. जायरोफ्लो हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर कॅमेऱ्याने नोंदवलेला जायरोचा डेटा वापरतं. सोनीचे बरेच नवे कॅमेरे आणि गोप्रो हा डेटा फाइलमध्येच ठेवतात.

हे करायचं ठरलं असेल तर शूट करतानाच ठरवा. साधारणपणे आयबिस बंद, शटर १/२०० च्या आसपास किंवा वेगवान, आणि फ्रेम हवी त्याहून थोडी मोठी. आयबिस चालू असेल तर कॅमेरा एकीकडे हलला असं जायरो सांगतो आणि चित्र आधीच भलतीकडे सरकवलेलं असतं, मग हिशोब जुळत नाही.

मग गिंबल कधी वापरू नये?

जिथे समोरच्याने तुम्हाला विसरावं अशी इच्छा आहे तिथे. हातातल्या लहान कॅमेऱ्याला माणसं लवकर सरावतात, तीन मोटरच्या यंत्राला नाही. जिथे क्षण निसटतात तिथेही नको. गिंबल उघडून, चालू करून, फ्रेम लावेपर्यंत हसू ओसरलेलं असतं. जोराच्या वाऱ्यात लहान गिंबल झुंजत राहतो.

शिवाय एक चवीचा मुद्दा आहे. सगळं फुटेज गिंबलचं असलं की प्रत्येक शॉट त्याच एका वेगाने तरंगतो. वाद चाललाय, कोणी धावतंय, कोणी रडतंय, आणि कॅमेरा मात्र निर्विकार. थोडी हातातली थरथर तिथे बघणाऱ्याला जागेवर नेऊन उभं करते. मी तर लांब शॉट सोडले तर आधी हातात घेऊन बघतो, जमत नसेल तरच गिंबल.

फोनला वेगळा गिंबल लागतो का?

दिवसा चालताना बहुधा नाही. आयफोनमध्ये ओआयएस २०१४च्या ६ प्लसपासून आणि सेन्सर हलवणारी पद्धत २०२०च्या १२ प्रो मॅक्सपासून आहे. २०२२च्या आयफोन १४मधला अ‍ॅक्शन मोड धावतानाही चालतो, मात्र रिझोल्यूशन २.८के पर्यंत उतरतं आणि उजेड भरपूर लागतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत गोप्रोच्या हीरो७ ब्लॅकने २०१८मध्ये हायपरस्मूथ आणल्यापासून त्यांना गिंबल लावणारे दिसेनासे झाले. अतिवाइड लेन्स असते, कडा कापायला भरपूर शिल्लक असतं.

फोनचा गिंबल उपयोगी पडतो तो रात्री, सरकत्या टाइमलॅप्सला, आणि एकट्याने शूट करताना फ्रेमने आपोआप मागे यावं म्हणून. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३सारखा कॅमेरा आणि गिंबल एकाच तुकड्यात हा पर्यायही आहे. ज्यांना लेन्स बदलायच्याच नाहीत त्यांनी तो आधी बघावा.

गाडीवर कॅमेरा लावायचा असेल तर?

आयबिसवर विसंबू नका. इंजिनाच्या कंपाने तरंगता सेन्सर भलतंच वागू शकतो. पॅनासॉनिकने २०१८च्या जीएच५एसमधून आयबिस मुद्दाम वगळलं, त्यामागे वाहनावर किंवा रिगवर (कॅमेरा बसवायच्या सांगाड्यावर) सेन्सर पक्का राहावा हे एक कारण होतं. फोनच्या बाबतीत तर अ‍ॅपलने २०२१मध्येच सांगितलं की मोटरसायकलच्या शक्तिशाली इंजिनाच्या कंपाने ओआयएस आणि ऑटोफोकसची यंत्रणा कमजोर होऊ शकते, फोन थेट हँडलला लावू नये. अ‍ॅक्शन कॅमेरा लावा आणि मोकळे व्हा.

कॅमेरा बंद असताना हलवला की आत खडखड होतं!

होऊ द्या. वीज नसताना बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर सैल असतो. चालू केल्यावर खडखड थांबली की सगळं ठीक. चालू असताना जी बारीक घरघर येते ती मात्र शांत खोलीत आतल्या माइकमध्ये उतरते. बाहेरचा माइक कॅमेऱ्यापासून जरा दूर ठेवा.

जुनी मॅन्युअल लेन्स लावलीय, आयबिस चालेल?

चालेल, पण फोकल लेंथ मेन्यूत हाताने भरा. ५० एमएमची लेन्स आणि मेन्यूत १३५ असेल तर सेन्सर गरजेपेक्षा जवळपास पावणेतीन पट सरकेल आणि थरथर उलट वाढेल. जुनी लेन्स लावली आणि फुटेज अचानक नाचायला लागलं, अशी तक्रार आली की पहिली शंका हीच घ्यावी.

विमानात गिंबल नेता येतो का?

येतो. सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. आतच बॅटरी बसवलेला गिंबल पूर्ण बंद करून हातातल्या बॅगेतच न्या.

कॅमेरा विकत घेण्याआधी त्याचं स्टॅबिलायझेशन कसं तपासू?

स्वतःचं कार्ड घेऊन जा. तुमच्या नेहमीच्या फोकल लेंथवर, इलेक्ट्रॉनिक मोड बंद करून, दाराच्या चौकटीकडे बघत वीस सेकंद उभे राहा. मग त्याच चौकटीवरून सावकाश पॅन करा आणि शेवटी थांबा. मग सर्वांत वाइड लेन्स लावून तिच्याकडे सहा-सात पावलं चालत जा. हेच तिन्ही शॉट अ‍ॅक्टिव्ह मोड लावून परत. कॅमेऱ्याच्या लहान स्क्रीनवर सगळंच छान दिसतं, म्हणून तिथे मत बनवू नका. घरी मोठ्या पडद्यावर चौकटीच्या उभ्या रेषा आणि पॅनचे शेवटचे दोन सेकंद तेवढे नीट बघा.